क्ष-किरणशास्त्राची लेखी परीक्षा

(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



क्ष-किरणतज्ज्ञाचे निम्मे आयुष्य अंधाऱ्या खोलीत जाते. अशा माणसाला उजेडात उभे करून बोलायला लावण्यात संयोजकांनी थोडा धोकाच पत्करला आहे. विषयही त्यांनीच नेमून दिला. आपल्या शाळांतून शिकलेली काही मुले-मुली आता रेडिओलॉजीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहेत, त्यांना लेखी परीक्षेसंबंधी चार शब्द सांगा, अशी आज्ञा झाली. जे आज येथे नाहीत आणि पुढे स्मरणिकेत हे वाचतील, तेही समोरच बसले आहेत असे धरून मी बोलणार आहे.

मी आमच्या वेळच्या पदविका परीक्षेत पहिल्या खेपेस नापास झालो. प्रात्यक्षिकात उत्तम गुण होते, लेखीत गेलो. परीक्षा पुन्हा सहा महिन्यांनी. त्या सहा महिन्यांसाठी घरात धाकट्या बहिणीचे लग्न पुढे ढकलावे लागले, तेव्हा ही गोष्ट मी हसत सांगत असलो तरी त्या वेळी कोणी हसले नव्हते.

कारण काय? अभ्यास कमी नव्हता. सटनचा ग्रंथ पाठ होता, फिल्म समोर लावली की रोग ओळखता येई. पण लेखी परीक्षेत फिल्म समोर नसते. समोर कोरा कागद असतो, आणि जे डोळ्यांनी पाहिले ते शब्दांत उतरवायचे असते, तेही न पाहिलेल्याला दिसेल असे. आपण रोज जो अहवाल लिहितो तो दुसरे काय असतो? वॉर्डातला डॉक्टर पुष्कळदा फिल्म बघतच नाही, आपली चार वाक्ये वाचून तो औषध देतो. म्हणून लेखी परीक्षेला नुसती स्मरणशक्तीची परीक्षा समजणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही.

त्या परीक्षेत एक प्रश्न होता: धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसरोगांचे क्ष-किरण स्वरूप. मला आनंद झाला. सिलिकोसिसवर दीड पान लिहिले, वरच्या भागातल्या बारीक गाठी, लसिकाग्रंथींच्या कडेने अंड्याच्या कवचासारखा बसणारा चुना, सारे काही. अ‍ॅस्बेस्टोसिसवर एक पान. मग आला बिसिनोसिस, म्हणजे कापसाच्या धुळीने होणारा दमा. त्याच्या फिल्मबद्दल पुस्तकात काहीच ठळक आठवेना, म्हणून मी अंदाजाने काही सावल्या लिहून टाकल्या.

आता ऐका. माझे अब्बा सोलापूरच्या गिरणीत कार्डिंग खात्यात कामाला होते. साप्ताहिक सुटीच्या दिवशी बरे असत. सुटीनंतरच्या पहिल्या पाळीहून परतले की छाती आवळल्यासारखी होई, रात्री बसून काढीत. छातीचा फोटो दोनदा काढला होता, दोन्ही वेळा स्वच्छ. मी तेव्हा नुकताच डॉक्टर झालो होतो. "फोटू साफ है बोलते, फिर छाती कायकू भरती?" असे त्यांनी मला विचारले, तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितले की काही नाही, वयोमानाने होते.

बिसिनोसिसमध्ये फोटो बहुधा स्वच्छच असतो. त्याची अशी खास सावली नाहीच. निदान होते ते कामाच्या इतिहासावरून, सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते का या एका प्रश्नावरून, आणि पाळीच्या आधी व नंतर श्वासाची क्षमता मोजून. फोटो काढायचा तो क्षयासारखे दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी. उत्तर एवढेच होते. ते माझ्या घरात खोकत बसले होते आणि मी कागदावर नसलेल्या सावल्या काढीत होतो. त्या उत्तराचे किती गुण गेले हे कळायला मार्ग नाही, उत्तरपत्रिका परत मिळत नसत. पण निकालानंतर पुस्तक उघडले आणि ते पान वाचले, तेव्हा मला गुणांची आठवण राहिली नाही. रात्री अब्बांजवळ जाऊन बसलो. तोवर ते निवृत्त झाले होते.

सोलापूरच्या त्या मोठ्या कापड गिरण्या आता बंद पडल्या आहेत. यंत्रमागांवर चादरी आणि टॉवेल निघतातच, घरोघर बायका विड्या वळतात, धूळ आणि तंबाखू काही गेलेली नाही. तेव्हा प्रत्येक रोगाच्या टिपणात 'फिल्म स्वच्छ असू शकते काय?' ही एक ओळ मुद्दाम लिहीत चला. परीक्षेला सहसा ती कोणी लिहीत नाही.

आता कागदाच्या हिशोबाकडे वळू. डी. एन. बी.च्या प्रश्नपत्रिकेत दहा प्रश्न, प्रत्येकी १० गुणांचे आणि वेळ तीन तास. म्हणजे एका प्रश्नाला १८ मिनिटे. एम. डी.लाही अशा चार प्रश्नपत्रिका असतात. आवडत्या प्रश्नावर ३५ मिनिटे घालवली की शेवटचा प्रश्न सुटलाच समजा. घरी घड्याळ लावून लिहा. वाचणे आणि लिहिणे ही दोन निराळी कामे आहेत. वाचताना आपल्याला सगळे येत असते.

भौतिकशास्त्राला आपली मुले फार घाबरतात. क्रिस्टेन्सनचे पुस्तक विकत घेतात आणि कपाटात ठेवतात. वास्तविक हेच गुण सर्वांत खात्रीचे. नळीत इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या धनाग्रावर आपटतात, त्यांच्या ऊर्जेपैकी सुमारे ९९ टक्के उष्णतेत जाते, क्ष-किरण मिळतात जेमतेम १ टक्का. एवढे ध्यानात घेतले की धनाग्र फिरता का ठेवतात, नळी तेलात का बुडवतात, हे पाठ करावे लागत नाही. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाई होते, हे कळले की शिसे लावलेला अ‍ॅप्रन असूनही दोन पावले मागे का सरायचे तेही कळते. आणि आकृती काढा. पेन्सिलीने, नावे घालून. सुबक नसली तरी चालते.

कायद्यावरचा प्रश्नही येतो आणि तो हमखास वरवर लिहिला जातो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली आपल्या महाराष्ट्राने केला, केंद्राचा १९९४ चा. गर्भवतीच्या सोनोग्राफीचा 'एफ' फॉर्म तुम्ही रोज भरता, त्यातले रकाने आठवून लिहिलेत तरी निम्मे उत्तर होते.

इंग्रजीविषयी बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. उर्दू किंवा मराठी माध्यमातून गेलेल्यांना वाटते की आपण भाषेत मार खाणार. मीही उर्दू शाळेतलाच. परीक्षकाला अलंकार नको असतात. काय दिसते, कोठे दिसते, आणखी कशात असे दिसते आणि पुढे कोणती तपासणी करावी, एवढे छोट्या वाक्यांत आले की पुरे. लांबलचक इंग्रजी वाक्याच्या मध्यावर मी स्वतः कित्येकदा हरवलो आहे.

दुसऱ्या खेपेस मी पास झालो. त्या वेळी धुळीच्या रोगांवर प्रश्न आलाच नाही, मूत्रपिंडाच्या क्षयावर आला.

ज्यांची परीक्षा जवळ आहे त्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडे यावे. येताना फिल्म आणू नका. घड्याळ लावून लिहिलेली दोन उत्तरे आणा, चुकलेली असली तरी.