फाइलींची देवघेव आणि घरचें खासगीपण

बाजारांत एखादी वस्तु विकत घ्यावयाची तर दुकानदार आणि गिऱ्हाईक हीं दोन निराळीं माणसें असतात. देणारा आंत बसतो, घेणारा बाहेर उभा राहतो, आणि पैसे चुकते करून पिशवी उचलली कीं दोघांचा संबंध संपतो. संगणकावर चित्रपट, गाणें किंवा पुस्तक उतरवून घेण्याची ‘फाइल शेअरिंग’ नांवाची जी पद्धति पंचवीस वर्षांहून अधिक काळ प्रचारांत आहे, तींत हा भेदच राहत नाहीं. तेथें प्रत्येक गिऱ्हाईक त्याच क्षणीं दुकानदारही झालेलें असतें. ही एक गोष्ट ज्याच्या ध्यानांत आली नाहीं, त्याच्या घराचें एक दार उघडें आहे असें समजण्यास हरकत नाहीं. आणि त्या दारांतून जें बाहेर जातें, तें पुष्कळदां त्याचें एकट्याचें नसतें.

या पद्धतीचा प्रसार १९९९ सालीं अमेरिकेंत शॉन फॅनिंग यांच्या ‘नॅपस्टर’पासून झाला. गाण्यांची यादी एका मध्यवर्ती यंत्रावर आणि गाणीं मात्र लोकांच्या घरच्या संगणकांवर, अशी तिची रचना होती. न्यायालयांतील लढ्यानंतर २००१ सालीं तें दुकान बंद पडलें; परंतु त्याच वर्षीं ब्रॅम कोहेन यांनीं ‘बिटटोरेंट’ ही नवी पद्धति जगापुढें ठेवली. तींत एका मोठ्या फाइलीचे अनेक तुकडे केलेले असतात, आणि ज्याच्या हातीं जो तुकडा येईल त्यानें तो लागलीच इतरांस द्यावयाचा असतो. पंगतींत बसलेला प्रत्येक जण जेवणाराही आणि वाढपीही, असा हा प्रकार आहे. पंगत जितकी मोठी तितकें वाढणें जलद. या कल्पनेंत मुळांत कांहीं वाईट नाहीं. लिनक्ससारखी विनामूल्य संगणकप्रणाली याच मार्गानें अनेकांकडे पोंचते, आणि ‘इंटरनेट आर्काइव्ह’ हें ग्रंथसंग्रहालयही २०१२ पासून आपला संग्रह या मार्गानें देत आलें आहे. दोष साधनाचा नव्हे; त्याचें स्वरूप न ओळखतां तें घरांत आणण्याचा आहे.

पंगतींत बसलेल्यांस एकमेकांचीं तोंडें दिसतात. तसेंच येथें प्रत्येकाचा आय. पी. पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील त्याच्या जोडणीचा क्रमांक, तुकडे देणाऱ्या-घेणाऱ्या इतरांस दिसतो. तो दिसल्यावांचून तुकडा पाठवितांच येत नाहीं. मग पंगतींत कोणी केवळ पत्ते टिपून घेण्यासाठींच येऊन बसला, तर त्यास ओळखावें कसें? सप्टेंबर २००३ मध्यें अमेरिकेंतील ध्वनिमुद्रण-व्यवसायानें अशा टिपणांच्या आधारें २६१ जणांवर दावे लावले. त्यांत न्यूयॉर्कमधील बारा वर्षांची एक मुलगीही होती; तिच्या आईस २००० डॉलर भरून तें प्रकरण मिटवावें लागलें. पत्ता हा जोडणीचा असतो, माणसाचा नव्हे. घरांतील धाकट्यानें केलेल्या कृतीचा जाब ज्याच्या नांवें जोडणी आहे त्यास विचारला जातो.

भारतांत १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें कलम ६३ जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास कारावासाची व दंडाची शिक्षा सांगतें. ऑगस्ट २०१६ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति गौतम पटेल यांनीं असें स्पष्ट केलें होतें कीं, गुन्हा नुसत्या पाहण्यांत नसून परवानगीवांचून वितरण, जाहीर प्रदर्शन अथवा विक्री करण्यांत आहे. तें वाचून अनेकांस हायसें वाटलें असेल. परंतु ज्या पद्धतींत घेणारा स्वतःच वाटीत असतो, तींत ‘आम्हीं फक्त पाहिलें’ हा बचाव लंगडा पडतो, हें त्या वाक्यांतच आलें आहे.

यावर ‘व्ही. पी. एन.’चा पडदा घेण्याचा उपाय सुचविला जातो. त्यानें पंगतींतील लोकांपासून पत्ता झांकला जातो हें खरें. पण पडदा धरणाऱ्यास सर्व कांहीं ठाऊक असतें. एप्रिल २०२२ मध्यें ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेनें अशा कंपन्यांनीं ग्राहकांची माहिती पांच वर्षें जपून ठेवावी अशी आज्ञा काढली, आणि त्यानंतर कित्येक परदेशी कंपन्यांनीं आपलीं यंत्रें भारताबाहेर नेलीं. जो पडदा फुकट मिळतो, त्याची किंमत कोण भरतो याचा विचार तर अधिकच व्हावयास हवा.

बाहेर काय जातें याइतकाच आंत काय येतें हाही प्रश्न आहे. बिटटोरेंटमध्यें प्रत्येक तुकड्यावर एक गणिती शिक्का असतो आणि तो जुळल्याखेरीज तुकडा स्वीकारला जात नाहीं. त्यामुळें वस्तु खात्रीची आहे असा समज होतो. शिक्का सांगतो तें इतकेंच कीं, ज्यानें ती प्रथम पाठविली त्यानें जशी पाठविली तशीच ती पोंचली आहे. त्यानें विष पाठविलें असेल, तर विषही बिनचूक पोंचतें. विंडोज संगणकावर फाइलीच्या नांवाचें शेपूट बहुधा लपविलेलें असतें, त्यामुळें ‘.एमपी४’ असें दिसणाऱ्या नांवापुढें ‘.ईएक्सई’ हें दुसरें शेपूट दडून राहतें, आणि चित्रपट समजून उघडलेली वस्तु प्रोग्रॅम निघते. फार काय, मार्च २०१६ मध्यें ‘ट्रान्समिशन’ या नांवाजलेल्या टोरेंट प्रोग्रॅमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच कोणीं तरी बिघडविलेली प्रत ठेवून दिली होती. ती मॅक संगणकांत शिरून तीन दिवस स्वस्थ बसे, मग घरच्या फाइलींस कुलूप घाली, आणि तें काढण्यासाठीं एक बिटकॉइन, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें ४०० डॉलर, मागे.

तथापि सर्वांत मोठी हानि चोरामुळें होतेच असें नाहीं. ती अनवधानानेंही होते. नॅथॅनिएल गुड आणि ॲरन क्रेकेलबर्ग यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत १२ जणांपुढें ‘कझा’ हा त्या काळचा लोकप्रिय प्रोग्रॅम ठेवला. त्या संगणकावरील सगळी हार्ड डिस्क जगास खुली होती. काय काय खुलें आहे तें सांगा, असें विचारलें असतां फक्त २ जणांस बरोबर उत्तर देतां आलें. त्याच संशोधकांनीं शोध घेतला तेव्हां परक्या लोकांचीं ई-मेलचीं संपूर्ण दप्तरें त्यांच्या हातीं लागलीं. दप्तरें उघडीं टाकणाऱ्यांस त्याची वार्ताही नव्हती.

या अनवधानास कपटाची जोड मिळाली म्हणजे काय होतें, हें जपाननें पाहिलें. टोकियो विद्यापीठांतील संशोधक इसामु कानेको यांनीं २००२ सालीं ‘विनी’ हा प्रोग्रॅम निनांवी राहून प्रसिद्ध केला. कोण देतो आणि कोण घेतो हें कळूं नये हाच त्याचा विशेष होता. फाइली सांकेतिक रूपांत अनेक संगणकांतून फिरत जात आणि वाटेंत त्यांच्या प्रति साठत जात. त्यामुळें लोकांस निर्धास्त वाटलें. परंतु नोव्हेंबर २००३ मध्यें क्योतो पोलिसांनीं विनी वापरणाऱ्या दोघांस पकडलेंच. त्याच वर्षीं ‘अँटिनी’ नांवाचा एक कीटक या जाळ्यांत शिरला. तो गाण्याचें वा चित्राचें सोंग घेऊन संगणकांत येई. आणि पुढें त्याचे असे अवतार निघाले कीं, ते त्या संगणकावरील पत्रें व कागदपत्रें गोळा करून विनीच्या वाटपाच्या फोल्डरमध्यें नेऊन ठेवीत. मार्च २००४ मध्यें खुद्द क्योतो पोलिसांच्याच तपासाचीं कागदपत्रें एका पोलिसाच्या संगणकावरून बाहेर पडलीं. २००६ सालीं आरमाराची गुप्त माहितीही अशाच एका खासगी संगणकावरून फुटली. अखेर मार्च २००६ मध्यें मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव शिंझो आबे यांनीं लोकांनीं विनी वापरूं नये असें जाहीर आवाहन केलें. कानेको यांच्यावरील खटला डिसेंबर २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत निर्दोष सुटकेनें संपला, आणि २०१३ सालीं ते वारले. त्यांनीं केलेलें साधन परत घेतां येण्याजोगें नव्हतें, आणि फुटलेलीं कागदपत्रेंही.

या प्रकरणांतील खरी दुःखाची बाजू येथें आहे. गाणें हवें होतें तें एका माणसास. उघड्यावर आलीं तीं ज्यांनीं विनी हें नांवही ऐकलें नसेल अशांचीं नांवें. तपासाच्या कागदांत नांव असलेल्या माणसानें काय सावधगिरी बाळगावयाची होती? चोरीस गेलेला दागिना एखादे वेळीं परत मिळतो. हजार संगणकांत पसरलेली प्रत मात्र कोणास गोळा करतां येत नाहीं.

यांतून कांहीं साधे नियम निघतात. ज्या संगणकावर रुग्णांचीं, अशिलांचीं, विद्यार्थ्यांचीं किंवा कचेरीचीं कागदपत्रें आहेत, त्यावर अशी देवघेव मुळींच करूं नये. मुलांसाठीं दुसरा संगणक ठेवावा. वाटपाचें फोल्डर स्वतंत्र असावें व त्यांत दुसरें कांहीं नसावें. प्रोग्रॅम त्याच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावा. फाइलींचीं पूर्ण नांवें दिसतील अशी योजना करावी. जो चित्रपट पाहण्यासाठीं आधीं कांहीं तरी स्थापित करावें लागतें, तो काढून टाकावा. काम झाल्यावर प्रोग्रॅम खरोखर बंद झाला आहे कीं नाहीं हें पहावें, कारण खिडकी मिटली तरी पुष्कळदां आंत वाढणें चालूच असतें. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत संगणकापासून अलग ठेवावी. आणि जें कायदेशीर मार्गानें मिळतें, तें त्याच मार्गानें घ्यावें. त्यांत पैसे जातात, पण व्यवहार दुकानांतच संपतो.

घरच्या संगणकांत एका कुटुंबाचेंच नव्हे, तर त्या कुटुंबावर विश्वास टाकणाऱ्या अनेकांचें खासगीपण सांठविलेलें असतें. तें एक ठेव आहे. ठेव ज्याच्या घरीं आहे त्यानें आपल्या करमणुकीसाठीं दार उघडण्यापूर्वीं आंत कोणाचें काय ठेवलें आहे हें एकदां मोजून पहावें, एवढीच अपेक्षा आहे.