प्लॅस्टिक खाणारी अळी आणि आपला मल्चिंग पेपर



प्लॅस्टिक खाणारी अळी सापडली, ही बातमी तुमच्यापैकी पुष्कळांच्या कानावर आली असेल. टोमॅटो, मिरची, कलिंगड घेणाऱ्या शेतकऱ्याला साहजिकच वाटतं, की अशी अळी रानात सोडावी म्हणजे मल्चिंग पेपरचे तुकडे वेचण्याचे काम वाचेल. तेव्हा ही अळी कोणती, ती करते काय आणि आपण काय करावे, याची माहिती आज घेऊ या.

ही अळी नवी नाही. ज्यांच्याकडे मधपेट्या आहेत, ते हिला चांगले ओळखतात. मेणपतंगाची ही अळी. दुबळ्या वसाहतीत पतंग अंडी घालतो, अळ्या पोळ्यातून बोगदे करतात, जाळी विणतात आणि माश्या शेवटी पेटी सोडून जातात.

स्पेनमधील शास्त्रज्ञ फेडेरिका बेर्तोक्कीनी या हौसेने मधमाश्या पाळत. पेटी साफ करताना काढलेल्या अळ्या त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या, तर थोड्याच वेळात पिशवीला भोके पडली. मग त्यांनी इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांबरोबर प्रयोग केले आणि २०१७ साली ते प्रसिद्ध झाले. शंभर अळ्यांनी बारा तासांत ९२ मिलिग्रॅम पॉलिथिन कमी केले.

हे घडते कसे? मेण आणि पॉलिथिन, दोन्ही कार्बनच्या लांबच लांब साखळ्यांचे बनलेले असतात. मेणावर जगणाऱ्या अळीचे तोंड पॉलिथिनवरही चालते. २०२२ साली याच शास्त्रज्ञांनी सांगितलं, की अळीच्या लाळेतले दोन पदार्थ पॉलिथिनची साखळी तोडायला सुरुवात करतात. त्यांना नावे दिली डेमेत्रा आणि सेरेस. ग्रीक आणि रोमन लोकांच्या या शेतीच्या देवता, बरं का! काही शास्त्रज्ञांनी मात्र २०१७ सालीच शंका काढली होती. त्यांचे म्हणणे असे, की चावून केलेला भुगा वेगळा आणि पचवलेले प्लॅस्टिक वेगळे.

आता आपण शेतकऱ्याचा हिशेब करू. वरच्या आकड्यावरून एक अळी दिवसाला दोन मिलिग्रॅमसुद्धा संपवत नाही. म्हणजे एक किलो पॉलिथिन एका दिवसात संपवायला सुमारे साडेपाच लाख अळ्या लागतील. चार फूट रुंद, चारशे मीटर लांब आणि २५ मायक्रॉन जाडीच्या मल्चिंग पेपरचे एक बंडल साधारण ११ किलो भरते. त्या एका बंडलाला साठ लाख अळ्या! शिवाय नुसत्या प्लॅस्टिकवर ही अळी पोसत नाही, वजन घटून ती मरते. रानात सोडली तर तिच्यापासून झालेले पतंग मधपेट्यांत शिरण्याचा धोका. आणि मधमाशी कमी झाली, की कलिंगड, काकडी, कांद्याचे बी, सूर्यफूल या पिकांत फळधारणा घटते. तेव्हा कोणी अशा अळ्या विकायला आलाच, तर घेऊ नका.

प्रयोगशाळेत या लाळेपासून उद्या काही उपाय निघेलही. पण यंदाचा पेपर यंदाच काढला पाहिजे. तो नांगरटीत गेला, की त्याचे बारीक तुकडे होतात. ते वर्षानुवर्षे कुजत नाहीत आणि मुळांच्या व पाण्याच्या वाटेत येतात. बांधावर टाकला तर गुरे चाऱ्याबरोबर खातात. तो पोटात साचून राहतो आणि जनावर दगावते.

पेपर काढायचा कसा? पीक संपल्यावर झाडे आणि ठिबकच्या नळ्या आधी काढून घ्या. जमीन वाफशावर असावी, कडक वाळलेल्या रानात पेपर फाटतो. गादीवाफ्याच्या दोन्ही कडांची माती कुदळीने मोकळी करा आणि एका टोकापासून सावकाश गुंडाळत चला. माती झटका, पेपर वाळवा, गठ्ठा बांधा आणि प्लॅस्टिकवर पुन्हा प्रक्रिया करणाऱ्याकडे किंवा भंगारवाल्याकडे द्या. शेजारच्या चार-पाच जणांनी गठ्ठे एकत्र केले तर गाडीभाडे परवडते.

शेवटी थोडक्यात ध्यानात ठेवा :

१. फार पातळ पेपर स्वस्त वाटतो, पण काढताना त्याच्या चिंध्या होतात. एका हंगामासाठी २५ ते ३० मायक्रॉनचा घ्या.

२. पेपर पूर्ण काढल्याशिवाय रोटाव्हेटर फिरवू नका.

३. पेपर जाळू नका. धूर विषारी असतो. शेणखताच्या खड्ड्यातही टाकू नका.

४. जिथे जमेल तिथे उसाचे पाचट किंवा भाताचा पेंढा पसरा. तो कुजून खत होतो.

५. मधपेटी असेल तर तळपाट वरचेवर साफ करा. जुनी काळी पोळी काढून वितळवा. माश्या झाकू शकतील तेवढीच पोळी पेटीत ठेवा.