टेबलावरचा फोन काढण्याआधी

बऱ्याच कार्यालयांत आता टेबलावरचा फोन हटतो आणि त्याचं काम संगणकातलं किंवा मोबाइलमधलं अ‍ॅप करू लागतं. एक्स्टेंशन नंबर तोच राहू शकतो, घरी बसूनही ऑफिसच्याच नंबरवरून बोलता येतं. सोय मोठीच आहे.

पण हा आवाज जातो कसा? तुमचं बोलणं साधारण 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापलं जातं. म्हणजे सेकंदाला 50 पॅकेटं इंटरनेटवरून धावतात. एका संभाषणाला दोन्ही दिशांनी सुमारे 100 किलोबिटचा वेग पुरतो, त्यामुळे बहुतेक वेळा कमी पडतं ते सातत्य. पॅकेटं मागेपुढे झाली, की आवाज तुटतो आणि 'हॅलो, ऐकू येतंय का?' सुरू होतं. म्हणून शक्य तिथे वायफायऐवजी केबल जोडा. हेडसेटवर कंजुषी तर मुळीच करू नका. लॅपटॉपच्या स्पीकरवर बोललात, तर समोरच्याला बरेचदा स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तांब्याच्या तारेवरच्या थेट लाइनला एक्स्चेंजमधूनच 48 व्होल्टची वीज मिळायची. ऑफिसातले दिवे गेले तरी तो फोन वाजायचा. आता राउटर बंद पडला, की त्यावर चालणारी सगळी फोन-अ‍ॅप मुकी होतात. तेव्हा राउटरला यूपीएस जोडा, आणि 112 लावण्यासाठी एक साधा, चार्ज केलेला मोबाइल दाराजवळ कायम ठेवा.