बाथरूमच्या दगडाला ॲसिड नको: आधी फरशी ओळखा, मग घासा

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, ही बाई दिवसभर कोड लिहिते आणि संध्याकाळी बाथरूमच्या फरशीवर बोलते! पण मागच्या भागानंतर तुमचे जे मेसेज आले, त्यात हा प्रश्न तीनदा होता. नवीन फ्लॅट घेतलाय, बाथरूमला नैसर्गिक दगड लावलाय, आणि वर्षभरातच त्यावर पांढरट थर चढलाय. काय लावू?

उत्तर सांगायच्या आधी मी उलटा प्रश्न विचारते. तुमच्या बाथरूममध्ये कुठला दगड आहे? दहातल्या आठ जणांना हे सांगता येत नाही. ‘टाइल्स आहेत’ एवढंच माहीत असतं. आणि सगळी गंमत, किंवा सगळं नुकसान, तिथेच आहे.

आपल्याकडे कुठले दगड असतात

नाशिकमध्ये जुन्या घरांत मोरीला शहाबादी फरशी असते. ती येते कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून, शहाबाद गावाच्या परिसरातून, म्हणून ते नाव. हिरवट-करडा कोटा येतो राजस्थानातून. काळा कडप्पा, ज्याचा आपण ओटा करतो, तो आंध्रातला. मार्बल बहुतेक राजस्थानचा. आता ऐका, हे चारही दगड एकाच कुळातले आहेत. शहाबादी, कोटा, कडप्पा हे चुनखडक, आणि मार्बल म्हणजे पृथ्वीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने बदललेला चुनखडक. चौघांमध्ये मुख्य माल एकच, कॅल्शियम कार्बोनेट.

दुसरं कूळ ग्रॅनाइटचं आणि आपल्या काळ्या पाषाणाचं, म्हणजे बेसॉल्टचं. बेसॉल्ट हा तर आपला घरचा दगड. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यातून तो झाला. पांडवलेणी त्यातच कोरली आहेत. पंचवटीतलं काळाराम मंदिर त्याच काळ्या दगडाचं. पांडवलेण्यांवर गेलात तर कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या बघा. शतकानुशतकं त्यात पाणी साठतंय. पाण्याने दगड खराब होतो असं सरसकट म्हणणाऱ्यांना तिथे एकदा घेऊन जावं. पाणी कुठल्या दगडावर पडतंय आणि पाण्यात काय मिसळलंय, यावर सगळं ठरतं.

ॲसिडला फरक कळत नाही

आता तो पांढरा थर. पालिकेचं बरंचसं पाणी गंगापूर धरणातून येतं. पण उन्हाळ्यात बऱ्याच सोसायट्या त्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळतात. हे पाणी बहुतेक वेळा जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. आंघोळीनंतर फरशीवर राहिलेलं पाणी सुकतं आणि क्षार मागे राहतात. त्यातला मोठा भाग कॅल्शियम कार्बोनेट.

लक्षात आलं का? डाग कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि शहाबादी, कोटा किंवा मार्बल असेल तर खालची फरशीही कॅल्शियम कार्बोनेटचीच. आपण टॉयलेट क्लीनर ओततो. बाटलीमागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते कॅल्शियम कार्बोनेट विरघळवतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, म्हणून फेस येतो. आपल्याला वाटतं, वा, काय मस्त काम करतंय! डाग जातोच. पण ॲसिडला डाग कुठे संपला आणि फरशी कुठे सुरू झाली, हे कळत नाही. ते पुढे खातच जातं. आमच्या भाषेत सांगायचं तर फाइलचं नाव न बघता डिलीट मारत सुटलेली स्क्रिप्ट. आणि इथे अनडूचं बटण नाही.

आमच्या सोसायटीतलंच उदाहरण. एका घरात ताबा द्यायच्या आधी ठेकेदाराच्या माणसांनी सिमेंटचे शिंतोडे काढायला कोऱ्या मार्बलवर ॲसिड मारलं. घरच्यांनी दार उघडलं तर फरशी पांढरीफटक, चमक गेलेली, आणि पायाखाली साखर सांडल्यासारखी खरखर. अशा दगडाची भोकं उघडी पडतात. मग त्यात साबण, तेल, मळ सगळं मुरतं. म्हणजे स्वच्छ करायला गेले आणि फरशी लवकर घाण होणारी करून ठेवली. शेवटी मशीनने घासून, डायमंड पॅड लावून पुन्हा पॉलिश करावं लागलं.

बेसॉल्ट आणि ग्रॅनाइट असे फेसाळत नाहीत. पण म्हणून त्यांच्यावरही बाटली रिकामी करू नका. दोन फरश्यांमधल्या सांध्यात सिमेंट असतं, ते ॲसिडने झिजतं. सांधा उघडला की पाणी खाली मुरतं आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येतात.

‘लिंबू तर नैसर्गिक आहे ना’, ‘व्हिनेगर तर आपण खातो’, असे मेसेज येणारच. दोन्ही ॲसिडच आहेत. पोटाला चालतं ते मार्बलला चालतं असं नाही.

दोन थेंबांची परीक्षा

मग ओळखायचं कसं? दाराच्या मागे, कोपऱ्यात, जिथे नजर जात नाही तिथे लिंबाचा एकच थेंब टाका. दोन-तीन मिनिटांनी पुसा आणि पाण्याने धुवा. सुकल्यावर बघा. फेस आला किंवा तिथे फिकट, निस्तेज ठिपका राहिला, तर दगड चुनखडकाच्या कुळातला. ॲसिड, लिंबू, व्हिनेगर, सगळं बंद. काहीच झालं नाही तर बहुधा ग्रॅनाइट किंवा बेसॉल्ट. फक्त वरून एखादा कोट मारलेला असेल तर थेंब फसवू शकतो, म्हणून फरशी बसवणाऱ्याला किंवा दुकानदारालाही विचारा.

दुसरा थेंब साध्या पाण्याचा. कोरड्या फरशीवर टाका आणि दहा मिनिटं थांबा. दगड तिथे गडद झाला तर तो पाणी पितोय. त्याला सीलर लागणार. पाणी मण्यासारखं उभं राहिलं तर सध्या काळजी नाही.

रोजचं आणि आठवड्याचं काम

रोजचं काम एका मिनिटाचं आहे. आंघोळ झाली की वायपर मारा. भिंतीला दगड असेल तर आधी भिंत, मग जमीन. पाणीच राहिलं नाही तर क्षार कशाचे राहणार? खिडकी उघडी ठेवा किंवा एक्झॉस्ट थोडा वेळ चालू ठेवा. माझ्या मते सगळ्या महागड्या बाटल्यांपेक्षा वायपर भारी.

आठवड्यातून एकदा अर्धी बादली कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे थोडे थेंब. लिंबूवालं लिक्विड असेल तर लेबल बघा, ॲसिड लिहिलेलं असेल तर ते नको. मऊ ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा, आणि वायपर. तारेची घासणी आणि खरखरीत पावडर पॉलिशच्या दगडाला लावूच नका.

जड पाण्यात साबणाच्या वडीचा चिकट थर बसतो, कारण साबण आणि कॅल्शियम मिळून न विरघळणारा चोथा तयार होतो. लिक्विड बॉडीवॉश वापरलं तर तो बराच कमी होतो.

मग आपले खास डाग. दिवाळीत अभ्यंगस्नान होतं, तेल आणि उटणं. लग्नसराईत मेंदी. तेलाच्या डागाला मुलतानी मातीचा लेप चालतो. माती पाण्यात दाट कालवा, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, बोटभर जाड थर लावा, वरून प्लास्टिक झाका. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप पूर्ण सुकू द्या, मग हळूच उचला. माती सुकताना तेल वर ओढून घेते. हा काही घरगुती जुगाड नाही, बरं का. भारतीय पुरातत्त्व खातं ताजमहालाच्या संगमरवरावरचा पिवळेपणा काढायला मुलतानी मातीचेच लेप देतं. मेंदी आणि हळदीला मात्र वेळ घालवू नका, पडल्या पडल्या धुवा.

सांध्यांतून पांढरी भुकटी येत असेल तर तो लोणा. खालच्या सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर वर येतात. कोरड्या ब्रशने झाडा आणि पाणी कुठून मुरतंय ते शोधा. त्यावर सीलर मारलात तर ओल आत कोंडली जाईल.

सीलरबद्दल एवढंच, की दगडात मुरणारा घ्या. वर चकचकीत थर देणारा बाथरूममध्ये नको, तो निसरडा होतो आणि नंतर सोलवटतो. फरशी दोन-तीन दिवस पूर्ण कोरडी ठेवून लावा, जास्तीचा लगेच पुसा. पुन्हा कधी लावायचा? पाण्याचा थेंब सांगेल तेव्हा.

आणि क्षारांचा जुना, जाड थर चुनखडकावर बसलाच असेल तर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर ठेवा, मऊ पडेल तेवढं प्लास्टिकच्या पट्टीने काढा. उरलेलं पॉलिशवाल्याचं काम. काम देताना ‘ॲसिड वॉश नको’ हे आधीच बोलून घ्या. शेवटच्या हाताला ते ऑक्सॅलिक ॲसिडची पूड वापरतात, ती पॉलिशची वेगळी पद्धत आहे. बादलीभर ॲसिड ओतणं हा निराळा प्रकार.

फार घासणंही वाईट

दगडावर काय ओतावं, हा प्रश्न आपल्या देशात थेट सुप्रीम कोर्टात गेलाय. उज्जैनच्या महाकाल मंदिरातल्या शिवलिंगाची झीज होतेय म्हणून खटला झाला, तज्ज्ञांची समिती नेमली गेली. २०१७ मध्ये ठरलं की अभिषेकाला प्रत्येक भक्ताने आरओचं पाणी वापरावं, तेही अर्धा लिटर. २०२० मध्ये कोर्टाने लिंग रगडण्यावरही बंदी घातली. तिथे श्रद्धेचा विषय होता, तरी प्रश्न साधाच होता. रोज काय पडतंय आणि किती घासलं जातंय? आपल्या बाथरूमलाही हेच दोन प्रश्न लागू पडतात.

एक मुद्दा चमकेचा. पंचवटीत माझ्या आजीच्या मोरीत शहाबादी आहे, माझ्या आईच्या लग्नाच्याही आधीची. मध्यंतरी एकाने तिला सुचवलं, पॉलिश करून आरशासारखी करून देतो. आजी म्हणाली, ‘मला तोंड बघायचं नाहीये त्यात, उभं राहायचंय.’ मला हे फार पटलं. जुन्या मोरीचा दगड मुद्दाम खडबडीत ठेवायचे, पाट्याला टाकी लावतात तसा. घरात म्हातारं माणूस असेल तर बाथरूमची जमीन रफ फिनिशचीच असू द्या. तिचा ढाळ नीट ठेवा आणि साबणाचा थर साचू देऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं

फरशी खराब झाली तर पैसे जातात. पण बाथरूम घासणारं माणूस आहे, त्याचं काय? बऱ्याच घरांत हे काम आई करते किंवा कामाला येणाऱ्या मावशी करतात. दार लोटलेलं, खिडकी वीतभर, आणि हातात ॲसिड. ‘अजून स्वच्छ होईल’ म्हणून त्यावर ब्लीच ओतलं जातं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. डोळे चुरचुरतात, खोकला थांबत नाही, छाती भरून येते. बंद जागेत हे जिवावर बेतू शकतं. असं झालंच तर घासत बसू नका. तसंच बाहेर या, मोकळ्या हवेत बसा, दारं-खिडक्या उघडा, आणि श्वासाचा त्रास होत असेल तर सरळ दवाखाना गाठा.

२०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली. विकणाऱ्याने नोंद ठेवायची, घेणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, १८ वर्षांखालच्या कुणाला द्यायचं नाही. तरी ‘फरशीचं ॲसिड’ पाण्याच्या जुन्या बाटलीत, लेबलाशिवाय मिळताना आपण बघतोच. ते घरात आणूच नका. घरात लहान मूल असेल तर नकोच नको.

मावशींच्या हातात आपण जी बाटली देतो, तिची जबाबदारी आपली. त्या लेबल वाचणार नाहीत, कारण ते बहुधा इंग्रजीत असतं. आपण वाचू शकतो. हातमोजे आणून द्या, कुठल्या दोन बाटल्या एकत्र करायच्या नाहीत ते समोर उभं राहून दाखवा. आणि ‘मावशी, डाग राहिलाय’ असं म्हणायच्या आधी स्वतः रोज वायपर मारता का, ते बघा. आपण एक मिनिट दिलं तर त्यांना ॲसिड लागतच नाही.

तर मंडळी, आजचा गृहपाठ छोटा आहे. हा भाग संपला की बाथरूममध्ये जा, कोपऱ्यात लिंबाचा थेंब टाका, आणि तिथल्या प्रत्येक बाटलीच्या मागचं बारीक अक्षर वाचा. काय सापडलं ते व्हॉइस नोटवर सांगा, दगडाचा फोटोही पाठवा. पुढच्या भागात टाकीतल्या आणि गीझरमधल्या क्षारांबद्दल बोलू. तोवर काळजी घ्या, आणि हो, वायपर मारा!