भाताच्या गावात राहायला येताना

(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात आपल्यापैकी अनेक जण येऊन गेले आहेत. पावसाळ्यात हिरवीगार भातखाचरे पाहून परत गेल्यावर पुष्कळांचा फोन येतो : "तिकडे थोडी जागा मिळेल का?" कोणाला निवृत्तीनंतर येऊन मुलांना शिकवायचे असते, कोणाला दवाखान्याच्या कामात हातभार लावायचा असतो. हेतू चांगला असतो, म्हणून उत्तरही सरळ देतो. राहायला जरूर या. आदिवासी कुटुंबाची जमीन मात्र घेऊ नका. स्वतःच्या नावावर नको आणि दुसऱ्याच्या नावावरही नको.

आधी कायदा पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने आपोआप जात नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. विक्रीला त्यावर राज्य शासनाची मान्यताही लागते. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचेही मत घ्यावे लागते. वनहक्क कायदा, 2006 खाली मिळालेली जमीन तर वारसांना जाते, पण ती विकताच येत नाही. याशिवाय, जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे वेगळी परवानगी लागते. हा नियम सगळ्यांनाच आहे, संस्थांनाही.

हे इतके कडक का? या भागाचा इतिहास त्याचे उत्तर देतो. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की वारली कुटुंबे सावकाराकडून खावटी घेत. थोड्या भाताच्या बदल्यात हळूहळू खाचरे गेली, आणि ज्यांची खाचरे त्यांनीच तिथे वेठीने राबायचे, अशी वेळ आली. 1945 साली तलासरी-डहाणू भागातले वारली त्याविरुद्ध उठले. गोदावरी परुळेकरांनी तो लढा 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवला आहे. पुढे 1974 चा कायदा झाला आणि 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत मिळवण्याची वाट खुली झाली. तेव्हा कलम 36-अ ही नुसती सरकारी अडवणूक नाही. या गावांनी भोगलेल्या दुःखाचा तो लेखी परिणाम आहे.

आता भातशेतीचे पाहा. शहरात भूखंडाला चार बाजू असतात आणि आत काय करायचे ते मालक ठरवतो. खाचराचे तसे नसते. डोंगर उतारावर खाचरे पायऱ्यांसारखी असतात. वरच्या खाचरात भरलेले पाणी बांधाच्या तोंडातून खालच्या खाचरात उतरते, तिथून आणखी खाली. मधल्याच एका तुकड्यात कोणी मुरूम टाकला आणि कंपाउंड घातले, की वरच्याच्या रोपात पाणी तुंबते आणि खालच्याची लावणी खोळंबते. ज्या दहा गुंठ्यांसाठी आपण पैसे मोजले, त्यांनी आणखी चार घरांचे पीक बिघडवले.

मोकळी दिसणारी वरकस जमीनही रिकामी नसते. तिथे नागली आणि वरई होते, गुरे चरतात. राबासाठी लागणारा पालापाचोळा आणि फांद्या तिथूनच येतात. उन्हाळ्यात तो राब भाजल्याशिवाय मृगाच्या तोंडावर रोप टाकता येत नाही. भात कापून झाले की खाचरेही गावच्या गुरांना मोकळी होतात. कुंपणाने हे सगळे अडते.

आणि विकणाऱ्या घराचे काय होते? हातात आलेली रक्कम आजारपण, लग्न आणि जुनी देणी यांत संपते. सातबारा गेला की आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर हमीभावाने भात घालता येत नाही, पीककर्ज मिळत नाही. आज ही माणसे भात झाल्यावर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पेरणीला परत येतात. परत येण्याचे कारण ते खाचर असते. तेच गेले, तर मुलांची शाळाही वीटभट्टीवरच सुटते.

सध्या एजंटांची वर्दळ वाढली आहे. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, बुलेट ट्रेन, वाढवण बंदर ही नावे घेऊन ते जमिनी दाखवतात. परवानगीची अडचण काढली, की त्यांच्याकडे उपाय तयार असतात : नोटरीचे साठेखत, कुलमुखत्यारपत्र, नव्याण्णव वर्षांचा करार. कायद्याला वळसा घालण्याचे हे मार्ग आहेत, त्यांनी मालकी मिळत नाही. शेवटी वाद झाला की पैसेही जातात आणि शेजारही जातो.

याहून नाजूक सूचना आपल्याच माणसांकडून येते : "आम्ही देणगी देतो, तुमच्या एखाद्या आदिवासी सहकाऱ्याच्या नावावर दोन एकर घ्या, वापर संस्थेचा राहील." पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचे, याला कायदा बेनामी व्यवहार म्हणतो. पण कायद्याच्याही आधी त्या सहकाऱ्याचा विचार करा. गावात त्याच्याकडे बाहेरच्यांचा हस्तक म्हणून पाहिले जाईल आणि आपल्याला 'नाही' म्हणणे त्याला कठीण जाईल. हे ओझे त्याच्यावर टाकू नका.

पवित्र शास्त्रात जमिनीच्या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात. उत्पत्तीच्या 23व्या अध्यायात परका असलेला अब्राहाम हेथी लोकांकडून सारेच्या कबरेसाठी जागा घेतो. तो फुकट घेत नाही. वेशीत सगळ्यांच्या देखत 400 शेकेल रुपे तोलून देतो. पहिले राजे, 21व्या अध्यायात अहाब राजाला भाजीच्या मळ्यासाठी नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो. तो चांगली किंमत देऊ करतो. पण वाडवडिलांचे वतन म्हणून नाबोथ नकार देतो, आणि मग खोटी पत्रे निघतात, खोटे साक्षीदार उभे राहतात. चांगली किंमत देऊ केली, एवढ्याने अहाबाचा व्यवहार न्याय्य ठरला नाही. आजची वेस म्हणजे ग्रामसभा. तिथे उघडपणे सांगता येणार नाही, असा जमिनीचा व्यवहार आपण करू नये.

मग ज्यांना खरोखर यायचे आहे त्यांनी काय करावे? पहिले वर्ष संस्थेच्या निवासात किंवा एखाद्या घरातल्या खोलीत लेखी कराराने राहा आणि ग्रामपंचायतीला कळवा. लावणीचा जुलै आणि पाणी आटलेला मे, दोन्ही अनुभवा. मे महिन्यात इथे हंड्याभर पाण्यासाठी बायकांना किती चालावे लागते ते कळले, की आपल्या बंगल्याच्या बोअरवेलचा विचार वेगळा वाटू लागतो. एवढ्यानंतरही स्वतःचे घर हवेच असेल, तर बिगर-आदिवासी मालकाची, रीतसर बिगरशेती झालेली जागा शोधा. सातबारा आणि जुने फेरफार तलाठ्याकडून तपासून घ्या. 'इतर हक्क' हा रकाना वाचल्याशिवाय इसार देऊ नका.

आणि जमिनीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम? अनेक घरांचा सातबारा अजून मयत आजोबांच्या नावावर आहे. वारस नोंद झाली नाही म्हणून योजना अडतात. तालुक्याच्या फेऱ्या, दाखले आणि बुडालेली मजुरी यांना मदत करा. फुटलेले बांध घालून द्या. विहिरीला हातभार लावा, म्हणजे भातानंतर वाल, हरभरा किंवा मोगरा घेता येईल आणि घरातले निदान एक माणूस तरी वीटभट्टीवर जाणार नाही.

जमीन त्यांच्या नावावर राहू द्या. आपल्याला शेजारी म्हणून बोलावले जाईल, एवढे पुरे आहे. या कामासाठी प्रार्थना करा, आणि लावणीच्या दिवसांत एक आठवडा काढून या. चिखलात उतरायला हात नेहमीच कमी पडतात.