यंत्रापलीकडचा इंजिनिअर

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



'सेवानिवृत्तीनंतरचे जीवन' या विषयावर मला बोलायला सांगितलंय. मी गिरणी कामगार. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं, तेवढीच माझी शाळा. त्यातूनच एका इंजिनिअरची आठवण आज सांगतो. त्यांचं नाव सुमंत मुळगावकर. तुम्ही म्हणाल, चळवळीतला माणूस कंपनीच्या अध्यक्षाचं गुणगान कसं काय करतो? पण गुण जिथे दिसेल तिथून घ्यावा, असं मी मानतो.

मुळगावकर १९०६ साली मुंबईत जन्मले. लंडनला जाऊन इंजिनिअर झाले. आधी सिमेंटच्या धंद्यात होते, १९४९ साली टेल्कोत आले. १९५४ पासून जर्मन कंपनीच्या मदतीने जमशेदपूरला ट्रक बनू लागले. पुढे साठच्या दशकात आपल्या पिंपरीच्या माळावर टेल्कोचा कारखाना उभा राहिला. १९८६ साली निघालेली ४०७ ही गाडी तर आपल्यापैकी कितीतरी घरांनी भाजीपाल्यापासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत वापरली. १९८८ साली ते अध्यक्षपदावरून उतरले, १९८९ साली गेले. १९९० साली त्यांना मरणोत्तर पद्मभूषण मिळालं. १९९४ साली आलेल्या सुमो गाडीचं नाव त्यांच्याच नावा-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून ठेवलं, असं सांगतात.

ही झाली कामाची हकिकत. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. या यंत्राच्या माणसाला झाडापाण्याचं वेड होतं. उघड्याबोडक्या माळावर नुसत्या शेड बांधून ते थांबले नाहीत. तिथं झाडं लावून घेतली, तळं करवलं. त्या तळ्याला आज सुमंत सरोवर म्हणतात. दुसरा नाद माणसांचा. दुपारी ते हायवेच्या ढाब्यावर जाऊन ट्रक ड्रायव्हरांशी बोलत, गाडीत काय खुपतं ते विचारत, अशी गोष्ट लोक सांगतात. त्यांच्या पत्नी लीलाताईंनी रक्तदानाच्या कामात आयुष्य घातलं, त्यांना १९६३ साली पद्मश्री मिळाली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुळगावकर गेले त्याच वर्षी, सप्टेंबरात, टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि पोलिसांनी त्यांना रातोरात उचललं. झाडांची सावली कामगाराच्या हक्काची जागा घेत नाही. हे विसरून कुणाचं कौतुक करू नये.

आता आपल्याकडे येऊ. आपला माणूस म्हणतो, "छंद हे साहेबलोकांचे चोचले, आपल्याला वेळ कुठाय?" बंधूंनो, हा वेळ आपल्याला कुणी मिळवून दिला? बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि आठवड्याचे ५४ तास कमी होऊन ४८ झाले. ते सहा तास काय पत्ते कुटायला मिळाले होते का? खुद्द बाबासाहेब एवढ्या व्यापातही उतारवयात व्हायोलिन शिकायला बसले. बागकाम करायचे, स्वयंपाकही करायचे.

आणि आज वस्तीत काय दिसतं? माणूस साठीला टेकतो, किंवा त्याआधीच व्हीआरएस घेतो. पहिले चार महिने आरामात जातात. मग चहाची टपरी, मग गुत्ता. हातात तीस वर्षांचं कसब, पण सकाळी भोंगा वाजत नाही म्हटल्यावर त्या हाताचं करायचं काय, हेच कळत नाही. घरात चिडचिड होते, सूनबाईला त्रास. म्हणून सांगतो, सवय आधीच लावा. नोकरीत असतानाच आठवड्यातले दोन तास स्वतःच्या आवडीला द्या. कुणी ढोलकी शिका, कुणी रेडिओ दुरुस्त करा, कुणी चार कुंड्या लावा. भगिनींनाही तो वेळ द्या, त्यांना तर सेवानिवृत्तीच नसते.

समितीला माझी विनंती आहे. विहाराच्या मागची खोली रविवारी उघडी ठेवा. फिटर, टर्नर, वायरमन अशा निवृत्त मंडळींनी तिथं पोरांना पाना धरायला शिकवावं. विहाराच्या अंगणात प्रत्येक निवृत्त माणसाच्या हातून एक झाड लावा आणि पाणी घालायची जबाबदारी त्याच्यावरच टाका.