दुसरा प्रश्न



पत्रिकेत माझा विषय 'संसदीय लोकशाही : दशा आणि दिशा' असा छापला आहे. मी कळवला होता 'प्रश्नोत्तराचा तास'. संयोजकांना तो फार बारका वाटला असावा. दशा तुम्ही रोज सकाळी वर्तमानपत्रात वाचता आणि दिशा उद्याचे वक्ते दाखवतील. त्यांचं नाव माझ्यापेक्षा मोठ्या टायपात आहे. (हशा) मी आपला माझ्या तासाला धरून राहतो. त्या तासातही मला बोलायचं आहे ते अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या एका गोष्टीबद्दल. तिचं नाव उपप्रश्न.

मी कोणत्या बाजूचा, हे आधी सांगितलेलं बरं. माझी नोकरी मंत्रालयात गेली. कक्ष अधिकारी होतो, पुढे अवर सचिव झालो. आमदार प्रश्न विचारतात आणि मंत्री उत्तर देतात असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असतं. त्या दोघांच्या मधे टेबलावर डबा उघडा ठेवून रात्री नऊपर्यंत उत्तर लिहीत बसलेला जो माणूस असतो, तो मी. तारांकित म्हणजे काय, अतारांकित म्हणजे काय, अल्पसूचना प्रश्न कशाला म्हणतात, हे इथल्या श्रोत्यांना सांगायची गरज नाही. तारा असला की तोंडी उत्तर, नसला की लेखी. एवढं पुरे.

आमच्याकडे विधानसभेच्या प्रश्नाला 'एलएक्यू' म्हणत. अधिवेशन जवळ आलं की एलएक्यूचे गठ्ठे येत. प्रश्नाचा साचा ठरलेला. एक : अमुक तालुक्यातील तमुक काम निकृष्ट झाल्याचे दिनांक अमुक रोजी निदर्शनास आले, हे खरे आहे काय? दोन : असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? तीन : असल्यास, त्यात काय आढळून आले? चार : नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तराचाही साचा ठरलेला. एक : हे खरे नाही. दोन, तीन आणि चार : प्रश्न उद्भवत नाही. (हशा) हसू नका. त्या 'हे खरे नाही'मागे जिल्ह्यातून आलेला अहवाल असतो आणि त्यावर सही असते. आम्ही खोटं लिहीत नव्हतो. तारीख चुकलेली असली तर काम निकृष्ट असूनही 'हे खरे नाही' हे उत्तर अगदी खरं ठरतं! आणि अगदीच पकडले गेलो, तर 'हे अंशतः खरे आहे' होतंच.

म्हणून माझं म्हणणं असं की पहिला प्रश्न हा सरकारला दिलेला अवधी असतो, खरा प्रश्न दुसरा. तो छापलेला नसतो. सदस्य उभा राहून तिथल्या तिथे विचारतो. त्याच्या भीतीने आम्ही अर्ध्या पानाच्या उत्तरामागे वीस-पंचवीस पानांची टिप्पणी मंत्र्यांसाठी जोडत असू. संभाव्य उपप्रश्न, त्यांची उत्तरं, आकडे, परिशिष्टं. आणि तरीही एखादा उपप्रश्न टिप्पणीच्या बाहेरचा निघायचा.

एक प्रसंग सांगतो. तालुक्याचं नाव सांगत नाही, खात्याचंही नाही. दुष्काळी भागातल्या पाझर तलावाचा प्रश्न होता. काम अपूर्ण असून बिल दिलं गेलं, हे खरे आहे काय? हे खरे नाही, काम पूर्ण आहे. बाकीचे भाग उद्भवत नव्हते. मंत्र्यांनी उत्तर वाचलं. मागच्या बाकावरचे एक टोपीवाले सदस्य उभे राहिले. म्हणाले, तलाव पुरा झाला हे मला मान्य आहे. त्याच्या खालच्या विहिरींचं पाणी किती वाढलं? बस्स. पाझर तलाव बांधतात कशासाठी? खालच्या विहिरींसाठी. आमच्या टिप्पणीत बांधाची लांबी होती, मातीकामाचे घनमीटर होते, ठेकेदाराच्या अनामत रकमेचा तपशील होता. विहीर नव्हती. अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी गेली : 'माहिती घेऊन पटलावर ठेवू.' मंत्र्यांनी ती जशीच्या तशी वाचली, सभागृह हसलं आणि अध्यक्षांनी प्रश्न राखून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या गावात आमचे लोक विहिरीत दोर सोडून पाणी मोजत होते. चार भागांच्या छापील प्रश्नाने जे झालं नसतं, ते त्या एका वाक्याने झालं.

ही ताकद इंग्रजांना बरोबर कळली होती. १८९२च्या कायद्याने कौन्सिलात प्रश्न विचारायची मुभा दिली, पण उपप्रश्नाची नाही. विचारा, उत्तर ऐका, खाली बसा. १६ फेब्रुवारी १८९३ला भिंग्याच्या राजाने वरिष्ठ कौन्सिलात पहिला प्रश्न विचारला. तो कशाबद्दल होता? साहेब लोक दौऱ्यावर निघाले की गावच्या दुकानदारांना रसद पुरवावी लागते, त्यांच्या हालांबद्दल. म्हणजे आपल्या देशातला पहिला प्रश्नच सरकारी दौऱ्याबद्दलचा आहे! (हशा) १९०९ साली उपप्रश्न आला, पण मूळ प्रश्नकर्त्यापुरता. इतर सदस्यांनाही तो विचारता यायला १९१९चा कायदा यावा लागला. प्रश्नापासून उपप्रश्नापर्यंत सतरा वर्षं आणि त्यापुढे आणखी दहा. टिळक १८९५ साली मुंबई कौन्सिलात निवडून गेले, गोखले त्यांच्यानंतर काही वर्षांनी. दोघांनाही तिथे उपप्रश्न बंद. टिळकांना, बरं का!

आता मुंदडा प्रकरण. ते तुम्हांला ठाऊक आहे, म्हणून दोन वाक्यांत उरकतो.

आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ला सुरू झालं. विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा निर्णय त्याच वर्षीच्या जानेवारीतला, अर्थमंत्री आपले चिंतामणराव देशमुख. ते संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर बाहेर पडले आणि त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले. जून १९५७मध्ये महामंडळाने कलकत्त्याच्या हरिदास मुंदडाच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे शेअर घेतले. त्यांतली रिचर्डसन अँड क्रुडास आपल्या भायखळ्याची. गुंतवणूक समितीला आधी विचारलं नव्हतं. सप्टेंबरात लोकसभेत याबद्दल प्रश्न आला तेव्हा उत्तर मोघम मिळालं. आमच्या भाषेत उत्तम उत्तर! मी असतो तर असंच लिहिलं असतं. पण नोव्हेंबरात रामसुभग सिंग यांचा तारांकित प्रश्न पुन्हा आला आणि उपप्रश्नाला फिरोज गांधी उभे राहिले. इथे लक्षात घ्या, दोघेही काँग्रेसचे. सत्ताधारी बाकांवरचे. फिरोज गांधी तर पंतप्रधानांचे जावई. आज एखाद्या सत्ताधारी सदस्याने आपल्याच मंत्र्याला दोनदा विचारलं तर तिसऱ्यांदा विचारायला त्याला तिकीट मिळेल का?

(पुढच्या रांगेतून आवाज.) आमचे माजी आमदारसाहेब म्हणताहेत, मी विचारत होतो. साहेब, म्हणून तर माजी. (मोठा हशा) नाही, नाही, थट्टा केली. साहेबांचे प्रश्न मी स्वतः हाताळलेले आहेत आणि त्यांतल्या दोन-तीन प्रश्नांनी माझी रविवारची सुट्टी खाल्ली आहे. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र माझ्याकडे नाही.

तर शेअर घेतले इथपर्यंत सरकारने मान्य केलं. पण कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या दराने, त्याच माणसाचे का? उत्तरं जुळेनात. १६ डिसेंबरला फिरोज गांधींचं भाषण झालं, त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. माझं म्हणणं, भाषणाची पायाभरणी उपप्रश्नांनी आधीच करून ठेवली होती. मग मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. सुनावणी मुंबईत, जाहीर. आत मावेना इतकी गर्दी, म्हणून बाहेर लाउडस्पीकर लावले. अर्थसचिव एच. एम. पटेल साक्षीला, मंत्री साक्षीला. मंत्री म्हणाले, हे सचिवांनी केलं, मला त्याची कल्पना नव्हती. छागलांनी निष्कर्ष काढला की सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, ती त्याला झटकता येणार नाही. या निष्कर्षाची छापील प्रत माझ्या कपाटात सगळी नोकरी होती. कोणाला दाखवली नाही, पण होती. फेब्रुवारी १९५८मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला आणि त्या वर्षीचा अर्थसंकल्प स्वतः नेहरूंना मांडावा लागला. पुढची गंमत अशी की कृष्णम्माचारी काही वर्षांत पुन्हा अर्थमंत्री झाले, आणि ते सचिव पटेल? मोरारजींच्या सरकारात १९७७ साली तेही अर्थमंत्री! आपल्याकडे कोणी कायमचं…

चिठ्ठी आली. गॅलरीतून नव्हे, संयोजकांकडून. दहा मिनिटं राहिली आहेत. दोन वाक्यं जरा लांबली खरी.

मग मुदगल प्रकरण धावतं सांगतो. पैसे घेऊन प्रश्न विचारायचा रोग अलीकडचा नाही. १९५१ साली, हंगामी संसदेत, एच. जी. मुदगल यांच्यावर मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेचं काम पैसे घेऊन केल्याचा ठपका आला. चौकशी समितीचे अध्यक्ष कोण? टी. टी. कृष्णम्माचारी! (हशा) मुदगलांनी हकालपट्टीआधी राजीनामा टाकला. २००५मध्ये याच रोगापायी अकरा खासदारांचं सदस्यत्व गेलं, दहा लोकसभेचे आणि एक राज्यसभेचे. त्यांत जळगाव आणि एरंडोलचे खासदारही होते, हे आपण महाराष्ट्रात सोयीने विसरतो. पण विकत काय जातं, ते पाहा. छापील प्रश्न विकत मिळतो. उपप्रश्न विकायचा तर सदस्याला विषय समजावा लागतो, आणि विषय समजलेला माणूस इतका स्वस्त नसतो.

(श्रोत्यांतून : 'गोंधळामुळे तासच होत नाही, त्याचं काय?') बरोबर आहे. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न लागतात, तोंडी उत्तरापर्यंत चार-पाच पोचले तरी पुष्कळ झाले. आणि कामकाज तहकूब झालं तर उरलेली उत्तरं पटलावर ठेवली असं धरतात. म्हणजे सगळे तारांकित एका फटक्यात अतारांकित! हौद्यात उतरलेल्या विरोधकांना मी हेच सांगेन की अशा दिवशी मंत्रालयात हायसं वाटतं. टिप्पणी कपाटात जाते, चहा मागवला जातो. राग सरकारवर काढता आणि सुटका सरकारची करता. यावर टाळी कशाला वाजवताय? विरोधी पक्षात आज जे असतील, ते काल सत्तेत होते आणि उद्या परत असतील. मी कोणत्या पक्षाबद्दल बोलतोय असं समजू नका. अध्यक्षमहाराज, हे छापताना कृपया घ्यावं.

२०२०चं सांगितल्याशिवाय मात्र उतरणार नाही. त्या सप्टेंबरच्या अधिवेशनात करोनामुळे प्रश्नोत्तराचा तास वगळला, लेखी उत्तरं चालू ठेवली. पुष्कळांना वाटलं, मग गेलं काय? माहिती तर मिळतेय. १४ सप्टेंबरला लोकसभेत लेखी प्रश्न होता : टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला, याची आकडेवारी सरकारकडे आहे काय? त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली काय? श्रम मंत्रालयाचं उत्तर, आशय असा : अशी आकडेवारी ठेवलेली नाही. त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही.

साचा ओळखीचा वाटतो ना? ८ मे २०२०ला पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली होती. जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेली माणसं. ते आकड्यात नसतील तर कशात होते? त्याच आठवड्यात राज्यसभेत रेल्वेला विचारलं गेलं, तेव्हा आकडा निघाला : ९ सप्टेंबरपर्यंत श्रमिक रेल्वेगाड्यांत सत्त्याण्णव मृत्यू. एका खात्याकडे आकडेवारी नाही, दुसऱ्याकडे आहे. मघाशी चहाच्या वेळी एका प्राध्यापकांनी मला अडवलं, की दुसरं उत्तरही लेखीच होतं, मग तुमच्या उपप्रश्नाचं काय राहिलं? राहिलं ना. दोन्ही कागद हातात घेऊन एखाद्या सदस्याने उभं राहायचं होतं आणि श्रममंत्र्यांना विचारायचं होतं, की रेल्वेला ठाऊक आहे ते आपल्याला का नाही? तेवढ्यासाठी तास लागतो. तो तास त्या अधिवेशनात नव्हता.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या आश्वासन समितीबद्दल बोलायचं होतं, तिच्यावर स्वतंत्र व्याख्यान होईल, बोलावलंत तर येईन. एकच गोष्ट सांगून बसतो, कारण ती उपयोगाची आहे. प्रश्नाचं उत्तर अपुरं वाटलं तर लोकसभेत अर्धा तास चर्चा मागता येते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, कामकाजाच्या शेवटच्या अर्ध्या तासात. तीन दिवस आधी सूचना द्यावी लागते. आपल्या विधानसभेतही अर्धा तास चर्चेची सोय आहे. तुम्ही आमदार-खासदारांकडे निवेदनं घेऊन जाता, फोटो काढता. पुढच्या वेळी त्यांच्या जुन्या प्रश्नाचं छापील उत्तर घेऊन जा, आणि त्यात विहिरी कुठे आहेत, ते विचारा.